हरिबाआबांची हरकत

वडगाव रासाईच्या हरिबा शेंडग्यांना सायकल चालवता येत नाही. जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला, शिकायची गरजच पडली नाही. तरीही गावात सायकलवाट व्हावी म्हणून त्यांनी देव पाण्यात ठेवले होते, आणि त्याचं कारण त्यांची सून पूनम.

पूनम रोज सायकलवरून सहा किलोमीटरवरच्या पॉलिहाउसात गुलाबांच्या जुड्या बांधायला जाते. एका हंगामात उसाच्या ट्रॉलीनं तिला चारीत ढकललं, हात मोडला. प्लास्टर निघालं तशी ती पुन्हा त्याच रस्त्यानं निघाली. आबांचा जीव मात्र तेव्हापासून टांगणीला लागला.

गावाच्या शिवारातून खडी वाहणाऱ्या जुन्या रेल्वेचा भराव जातो. रूळ कधीच उचलून नेले, उरल्या बाभळी. पुण्याच्या विकास प्राधिकरणानं त्याच भरावावरून, पूनमच्या पॉलिहाउसाजवळून दौंडच्या बाजूला सायकलवाट करायचं ठरवलं, निधी दिला आणि पंचायतीच्या फळ्यावर हरकती व सूचना मागवल्या.

इथं आबांचं डोकं चाललं. आयुष्यभर दिलेल्या अर्जांपैकी एकाचंही उत्तर त्यांना आलं नव्हतं. शेजाऱ्यानं बांधावर हरकत घेतली, तेव्हा मात्र दोन साहेब जीप घेऊन हजर.

"अर्जाला कोण इचारतंय? हरकत घेतली का सायेब धावत येतो," म्हणत त्यांनी लिहून धाडलं, 'या भरावावरून माझी दीडशे मेंढरं जातात, वाटेला हरकत आहे.' साहेब आला की चहा पाजून त्याला काम लवकर करायला सांगायचं, असा बेत. मेंढरं तर चार वर्षांपूर्वीच विकली होती. आबांचे गुडघे गेले, मुलगा शिक्रापूरला कंपनीत लागला, मग कळपामागं चालणार कोण?

उत्तर आलं आणि आबांच्या पायाखालची जमीन सरकली. 'मेंढरांची ये-जा पाहता इथला दोन किलोमीटरचा टप्पा वगळण्याचा विचार आहे, सुनावणीस यावे.' म्हणजे पूनम पुन्हा ट्रॉल्यांच्याच रस्त्यावर.

सुनावणी शाळेत झाली. प्राधिकरणाच्या तरुण इंजिनिअर शीतल मॅडमनी विचारलं, "आबा, मेंढरं किती आहेत तुमची?"

खरं सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण धनगराला भरसभेत उघडं पाडायला कोणाची जीभ रेटेना. सरपंच हौसराव तर आबांची अब्रू राखायला म्हणाले, "हायेत की मॅडम, शे-दीडशे." गावाचा चांगुलपणा असा नको तेव्हा आडवा येतो.

आबा उठले. मागं पूनम रजा टाकून बसली होती.

"न्हाई मॅडम. माझ्याकडं एक बी मेंढरू न्हाई. समदी इकली. सुनंसाठी वाट पायजे हुती, तुमी यावं म्हून खोटं लिवलं म्या."

'मेंढरू नाही' हे शब्द चार वर्षांत त्यांनी घरातसुद्धा उच्चारले नव्हते.

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "मग या भरावावरून कुणाचीच मेंढरं जात नाहीत?"

"जात्यात की. दिवाळीनंतर पारनेरकडचे कळप उतरत्यात."

मॅडम आबांना घेऊन भरावावर गेल्या. आबांनी बोट दाखवलं तिथं कळपांसाठी दोन उतार आखले आणि टप्पा कायम ठेवला. खोटं लिहिणाऱ्याला झापायचं सोडून त्यालाच वाट विचारणारी अधिकारी गावानं पहिल्यांदाच पाहिली. आबा आजही तिचं नाव घेताना हात जोडतात. जोडावेत असंच काम केलंय तिनं.

मार्चमध्ये वाट खुली झाली. भाषणं संपली तशी पूनम सायकल घेऊन थेट आबांपुढं येऊन थांबली.

"आबा, बसा मागं."

"अगं, लोकं काय म्हंतील?"

"बसा म्हंते ना."

आबा कॅरियरवर बसले, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. गाव मागं पडल्यावर म्हणाले,

"पूनम, त्या दिशी साळंत समद्यांम्होरं सांगितलं, तवा लई लाज वाटली बग."

"मला न्हाई वाटली, आबा," ती पायडल मारत म्हणाली. "माज्यासाठी आजवर असं कुणी उभं ऱ्हायलं नव्हतं."

पुढची वाट आबांना धड दिसलीच नाही.