जैसे थे

डिझेलचा वास आला की नेवाशाजवळच्या गायरानातली ती सकाळ आठवते. शेजारच्या विधवा मावशीची बाजरीची भाकरी चुलीवर फुगत होती आणि दारात जेसीबी घरघरत उभा होता. "आमचा वकील कोर्टात गेलाय, दुपारपत्तुर थांबा की सायेब," ती हात जोडून म्हणाली. अतिक्रमण काढायला आलेले साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "कोर्टात जायचा तुमचा हक्क कुणाच्या बापाला काढून घेता येत नाही, मावशी. पण कोर्ट साडेदहाला उघडतं." भाकरी तव्यावर असतानाच भिंत चुलीवर आली. दुपारी स्थगिती मिळाली. साहेबांनी मोबाईलवर आदेश नीट वाचला आणि माती सपाट करणारा जेसीबी लगेच थांबवला. मावशी ढिगातून तवा उपसायला वाकली, तशी त्यांनी पोलिसाला खूण केली. "हात लावू नका. कोर्टानं 'जैसे थे' सांगितलंय. आता आम्ही पाडायचं नाही, तुम्ही उचलायचं नाही." संध्याकाळी तिला साधी ताडपत्रीसुद्धा बांधू दिली नाही. हल्ली मी कॉलेजात राज्यघटना शिकवते. सरकारचा निर्णय तपासायचा न्यायालयाचा अधिकार संसदेलाही काढून घेता येत नाही, हे वाक्य मुलं खाली रेघ मारून लिहून घेतात. मावशीचा खटला अजून चालू आहे. तवा तिथंच आहे.