डाव्या हाताचा हंडा

दुसऱ्याच्या घरी गेलं की जग आधी माणसांकडे पाहतं. वडिलांचे स्नेही असलेले आमचे काका आधी भांड्यांकडे पाहत. भोर संस्थानात असं एकही घर नसेल, जिथला हंडा त्यांनी उपडा केला नाही.

जातीने ते तांबट. पण त्यांच्या वडिलांनीच हातोडा सोडला होता आणि काकांचं आयुष्य संस्थानच्या कचेरीत दप्तरं बांधण्यात गेलं होतं. पेन्शन घेतल्यावर त्यांना एकाएकी आजोबा आठवले, त्याला कारण त्यांचे भाऊबंद. एका बारशाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, की तुमच्या आजोबांनी कसली भांडी घडवली, जन्मभर दुसऱ्यांचा भाता ओढला. काकांनी हातातला लाडू ताटात ठेवला आणि ते उठले. आजोबांच्या हातचं एक तरी भांडं शोधून भाऊबंदांपुढे आदळायचं, हा त्या दिवसापासून त्यांचा ध्यास झाला.

खूण एकच होती. आजोबा डावखुरे होते. इतके, की जेवताना आजी त्यांचा डावा हात धरून बसे म्हणे. सगळ्या तांबटांच्या ठोक्यांच्या ओळी एका अंगाला कलतात, तेव्हा आजोबांच्या उलट्या अंगाला कलणार, हे काकांनी आकृती काढून वडिलांना तीनदा पटवलं होतं. अडचण अशी, की जुनी भांडी लोक मोडीत घालतात आणि ती वितळून नव्यांत जातात. म्हणून काका कायम घाईत. शिवऱ्याच्या एका लग्नात त्यांनी भरला हंडा कलता केला आणि बैठकीखालून ओढा वाहिला. नवरदेवाचे मामा पुढे तासभर धोतर पिळत होते. वेल्ह्याच्या बाजारात पाणी घेऊन निघालेली बाई दिसली, की हे डोळे मिटून तिच्या हंड्यावरून बोटं फिरवू लागत. एक जण शांतपणे म्हणाली, "बाबा, पानी पायजे आसंल तर वंजळ धरा. हंड्याचं प्वाट कशापायी चाचपताय?" काकांनी तिला आजोबांची सगळी हकिकत सांगितली. डोक्यावरच्या ओझ्यानिशी तिने ती ऐकली आणि घरातली यच्चयावत भांडी दाखवायला घेऊन गेली. सगळी उजव्या हाताची निघाली.

आमच्याकडे ते रोज चहाला येत. परसात पाण्याच्या चुलीवर एक काळाकुट्ट हंडा असे; बुडाशी वाकडा, कायम झुकलेला, म्हणून आई खाली खापराचा तुकडा सरकवून ठेवी. हात धुवायला गेलेले काका त्याला नावं ठेवल्याशिवाय परतत नसत. "वहिनी, ज्यानं हा घडवला त्याला भात्यावरच बसवायला हवं होतं."

एका दिवाळीआधी आईने तो हंडा मोडीत घालायचं ठरवलं. काजळीसकट भांडं देणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ती चिंच आणि राख घेऊन घासायला बसली. काका पायरीवर चहा पीत होते. तांबं वर आलं तशी त्यांची बशी ओठांपाशीच थांबली. ते उठले, हंड्यावरून बोटं फिरवली, मग डोळे मिटून पुन्हा फिरवली. ओळी उलट्या कलत होत्या.

मी तेव्हा नुकताच शाळामास्तर झालो होतो आणि शहाणपणा अंगात मावत नव्हता. म्हणालो, "काका, याला भात्यावर बसवायचं होतं ना?" आजही त्या वाक्याची मला लाज वाटते.

काका चिडले नाहीत. हंड्यावरचा हात न काढता म्हणाले, "हात बसला नव्हता हो त्यांचा. पण हातोडा त्यांच्याच हातात होता."

तो हंडा त्यांनी भाऊबंदांना कधीच दाखवला नाही. ते हसले असते, आणि आजोबांना कुणी हसलेलं आता काकांना सोसलं नसतं. आईला त्यांनी नवा हंडा आणून दिला आणि जुना स्वतः उचलून नेला. अर्ध्या वाटेवरून परत आले आणि तो खापराचा तुकडाही मागून घेतला. पुढे त्यांनी लोकांची भांडी उपडी करणं सोडलं. रोज सकाळी त्या वाकड्या हंड्यातलं पाणी घेऊन आंघोळ करत.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही कुणाकडे गेलो, की माझा हात आपसूक हंड्याच्या पोटावर जातो. ओळी नेहमीच्याच अंगाला कललेल्या लागतात, आणि मला वाईट वाटतं.