खाली चार, मग एंटर

"खाली चार, मग एंटर," असं ओठातल्या ओठात पुटपुटत आमच्या शाळेच्या ऑफिसातले क्लार्क भाऊ कीबोर्डवर बोट आपटायचे. पाचव्या ठोक्याला दाखल्यांचं फोल्डर उघडायचं. मान मात्र खिडकीत उभ्या पालकांकडे. "पोरगी कितवीला हाय? नाव मोठ्यानं सांगा. बसा, आत्ता देतो." ऐकलेलं नाव टाइप केलं की दाखला छापून निघायचा.

लोणावळ्याच्या या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. आमची मशिनं जुनी, म्हणून सगळ्यांवर विंडोजऐवजी मीच लिनक्स घातलेलं. त्यातला फायली दाखवणारा हलकाफुलका फाईल मॅनेजर माझा फार लाडका. रडतखडत चालणाऱ्या मशिनवरही क्षणात उघडायचा. भाऊंनी तो आठवड्याभरात बोटांत भिनवला. माउसला ते शिवत नसत. "उंदीर नगं बाई, आपली बोटं बरी."

तुम्हीही एखाद्या ऑफिसात असा माणूस पाहिला असेल आणि त्याच्या सफाईचं कौतुक केलं असेल. मीही केलं. मधल्या सुट्टीत ते पेपर माझ्यापुढे सरकवायचे. "वाचा की बाई, तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटतंय." मी खूश होऊन वाचायचे. त्यापुढे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या फाईल मॅनेजरची नवी आवृत्ती आली तेव्हा मला कोण आनंद झाला! शनिवारी शाळा सुटल्यावर बसून मी सगळी मशिनं अपग्रेड केली. ऑफिसातलंही. भाऊंना विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ते लॅबच्या दारात उभे. "बाई, खालचं वर गेलंय वो. आदीचं परत घालता का?"

नव्या आवृत्तीत डावीकडच्या यादीचा क्रम बदलला होता. "भाऊ, हे जास्त चांगलं आहे. दोन दिवसांत सवय होईल."

"पर आदीचंच..."

"ते आता मिळत नाही," मी म्हटलं.

हे खोटं होतं. जुनी आवृत्ती माझ्याच पेन ड्राइव्हवर होती. दहा मिनिटांचं काम. पण मला माझ्या नव्या खेळण्यात कुणाची कुरकुर नको होती.

दुपारी शिपाई बोलवायला आला. भुशीहून आलेल्या एका पालकांच्या हातात दुसऱ्याच मुलीचा दाखला पडला होता. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, भाऊंच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. भाऊ बोट आपटत होते. भलतंच, जुन्या दाखल्यांचं फोल्डर उघडत होतं. माझ्या अपग्रेडवर ठपका येणार म्हणून मी चिडले.

"अहो भाऊ, समोर नावं लिहिलीत ना? वाचा की!"

त्यांनी नाक काचेला लागेल इतका चेहरा पुढे नेला. मग मागे सरकले.

"लिव्हलं आसंल, बाई. मला न्हाई दिसत. लय दिस झालं."

शेवटी ते पालकच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भाऊ, मी उद्या येतो."

भाऊंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढं कसंबसं काढायचं, म्हणून त्यांनी हे घरच्यांपासूनही लपवलेलं. मोठ्या बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र मागितलं. त्या संध्याकाळी मी मुकाट्याने जुनी आवृत्ती परत घातली. दुसऱ्या दिवशी भाऊ आले नाहीत, आणि पुढेही नाहीत.

दोन महिन्यांनी, माफी मागायची असं ठरवून, मी वडगावच्या पुढे त्यांच्या गावी गेले. ओटीवर बसले होते. माझा आवाज ऐकताच उठले आणि बायकोला हाक मारली.

"अगं, त्या कॉम्प्युटरवाल्या बाई आल्यात! शिपाई सांगत व्हता, ह्यांनी आदीचं परत घातलं. मिळत नव्हतं, तरी कुठनं तरी हुडकून आनलं. माझ्यासाठी."

"भाऊ, मी..."

"न्हाई, आजकाल कोन कुनासाठी एवढं करतंय?"

मावशींनी चहा आणला. मी तो प्यायले. निघताना त्यांनी घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी हातात दिली. मी नको म्हटलं, तर भाऊंनी चाचपत पिशवीचे बंद माझ्या बोटांत अडकवले.

घरी आईने पिशवी उघडून वास घेतला. "किती छान गं! कशाबद्दल दिले?"

तिलाही मी काही सांगितलं नाही.