दुकानातला तो टकल्या

आधी एक कबूल करा, हसणार नाही म्हणून. करता ना? पाळत कोणीच नाही, पण विचारून घेतलेलं बरं!

तर मी टीव्ही घ्यायला गेलो होतो. लहानसा, भिंतीला चिकटवायचा. त्यात काय फजिती होणार, म्हणाल! थांबा, चहा घ्या आधी.

झालं असं, की माझी आई सावनेरचं घर बंद करून आमच्याकडे नागपूरला कायमची राहायला आली. किती वर्षं विनवण्या करत होतो! पण आली आणि टीव्हीवरून महाभारत सुरू झालं. हॉलमधल्या टीव्हीवर पोराचं क्रिकेट, ते संपलं की सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, मालिका. आईच्या कीर्तनाला जागाच नाही. एका संध्याकाळी पाहतो तर आईची पिशवी भरलेली!

"बापू, मी आपली सावनेरले चालली. तिथं टीव्हीपुढं मले कोणी उठ म्हणत नाही."

मी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, "आई, उद्याच तुझ्या खोलीत तुझा टीव्ही लावतो. मी स्वतः निवडतो!"

हे 'मी स्वतः' मोठ्या ऐटीत म्हणालो. कारण मी छापखान्यात मुद्रितशोधक. ओळीतली एक चुकीची वेलांटी लांबून दिसते मला. माझ्या नजरेचा मला फार गर्व. होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बर्डीच्या बाजारातल्या एका मोठ्या दुकानात. सेल्समननं आधी आईचा पलंग भिंतीपासून किती लांब ते विचारलं. मग म्हणाला, "तेवढ्या अंतराले बत्तीस इंची भरपूर झाला, काका. रिमोटचे बटनं मोठे पाहा, आन् आवाज ऐकून घ्या." समजूतदार माणूस. पण मी कशाला ऐकतो! म्हटलं, चित्र मी पारखणार.

भिंतीवर सगळीकडे तेच पोपट उडत होते. एकात जास्त हिरवे, एकात जास्त लाल. असला भडकपणा मला चालत नाही. सुनंदा कंटाळून मिक्सर पाहायला गेली. आईला खांबाच्या आडोशाला स्टुलावर बसवलं. आणि तेवढ्यात काउंटरच्या मागे, वरच्या फळीवर, मला तो दिसला. लहानसा टीव्ही. काय चित्र! साधं, सच्चं, जणू डोळ्यांसमोर घडतंय!

त्यावर जाहिरात लागली होती. एक माणूस पाठमोरा उभा. शर्ट एका बाजूनं बाहेर आलेला, आणि डोक्यावर मागच्या बाजूला हे एवढं चकचकीत टक्कल! दुकानात टीव्ही निवडायला आलाय आणि बावळटासारखा वर पाहत उभा आहे. मी इकडे त्याच्याकडे पाहत होतो, तर तो तिकडे त्याच्या टीव्हीकडे पाहत होता!

"आई, पाय ना, कसा येडा माणूस घेतला जाहिरातीत!"

आईला ऐकू कमी येतं, पण दिसतं चांगलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "वं माय! टक्कल पाय त्याचं, परातीसारखं!"

मी विचार करत डोकं खाजवलं. जरा वेळानं त्यानंही खाजवलं. म्हटलं, अभिनय बरा करतो. मी सेल्समनला हाक मारली. "हाच द्या!"

"तो विकाचा नाही, काका."

"काहून? चांगला माल मागं ठेवता अन् गिऱ्हाइकाले पोपट दाखवता?"

"तसं नाही काका, तो..."

"मले शिकवू नका! ते टक्कल पाहा. एकेक केस मोजून घ्या! असं चित्र आहे का त्या पोपटांच्या टीव्हीत?"

माझा आवाज चढला. हातवारे सुरू झाले. चार गिऱ्हाइकं जवळ आली. तिकडे टकल्याचेही हातवारे, त्याच्याभोवतीही माणसं! म्हटलं, वा रे वा, गर्दीही जमवली, काय खर्च केला असेल जाहिरातीवर! जमलेल्यांना म्हटलं, "पाहा, तोही भांडून राहिला! त्यालेही हेच लोक फसवून राहिले असतील!"

लोक माझ्याकडे पाहत, मग वर पाहत, मग पुन्हा माझ्याकडे. एक बाई तर ओढणीत तोंड लपवून रडतेय असं वाटलं. रडत नव्हती हो ती!

शेवटी मालक गल्ल्यावरून उठून आले. हात जोडून म्हणाले, "साहब, जरा पीछे देखो. ऊपर."

मी मान वळवून मागे वर पाहिलं. दारावर कॅमेरा. लाल दिवा मिचकावत. असेल, मला काय त्याचं! मी पुन्हा पुढे वळलो. आणि कॅमेऱ्याचं ते चित्र जरा उशिरानं येत होतं ना, म्हणून नेमकं त्या क्षणाला टकल्यानं हळूच मान वळवली...

चेहरा माझा होता!

दुकान असं हसलं, असं हसलं! मी पहिलं काय केलं असेल? हात मागे नेला. चाचपलं. होतं! गुळगुळीत, पसरलेलं, अगदी सुखानं नांदत असलेलं. आरशात पुढचे केस विंचरणारा मी, मागे काय चाललंय ते मला कोण सांगणार?

सुनंदा मिक्सर सोडून धावत आली होती.

"तू सांगितलं काहून नाही मले?"

"अहो, मले वाटलं तुम्हाले माहीत असन! तुमचंच डोकं आहे ना?"

सेल्समननं दाखवला तो बत्तीस इंची, मोठ्या बटनांचा टीव्ही मुकाट्यानं घेतला. पोपटांसकट.

संध्याकाळी आईच्या खोलीत तो भिंतीवर चढला. कीर्तन लागलं. आवाज खणखणीत. आई पलंगावर टेकून बसली, तिची पिशवी रिकामी झाली. मी म्हटलं, चला, निभावलं! पण दुकानातल्या त्या गोंधळात आईला काहीच ऐकू गेलं नव्हतं, आणि गर्दीआडून पुढचं दिसलंही नव्हतं. ती रिमोट दाबत राहिली, दाबत राहिली आणि हिरमुसून म्हणाली,

"बापू, सारं चांगलं आहे. पण तो दुकानातला टकल्या याच्यात येत नाही का गा?"

मी काही बोलणार, तेवढ्यात सुनंदानं मला खांद्याला धरून टीव्हीपुढं उभं केलं आणि पाठ आईकडे करून दिली.

"येते ना, आई. हे पाहा."

मागून टाळी वाजली.

"वं माय! इथं तर दुकानापेक्षाही साफ दिसून राहिला!"