कवळीवाल्यांची हजेरी

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत बरं का. काचेच्या कारखान्याच्या फाटकावर चौतीस वर्षं हजेरीबुक घेऊन बसलेला हा माणूस, म्हणून हजेरीमास्तर. सख्ख्या मेहुण्याला सात मिनिटं उशीर झाला, तर त्याचा अर्धा दिवस कापला होता पठ्ठ्यानं! बायको पंधरा दिवस बोलत नव्हती. "अगं, उशीर तो उशीर," एवढंच यांचं उत्तर. कामगार पाठीमागे शिव्या घालायचे, पण मास्तरांच्या वहीवर बोट ठेवायची कुणाची टाप नव्हती.

पुढे बायको गेली, मुलगा नोकरीपायी लांब गेला आणि मास्तर दोन खोल्यांत एकटे उरले. भिंतींशी किती बोलणार? दोन-दोन दिवस तोंडातून शब्द फुटायचा नाही. दुकानात साबण मागायला गेले की स्वतःचाच आवाज परका वाटायचा. अशात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर साठीपुढच्यांसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू झाला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. मास्तरांना फुटपट्टीशिवाय रेघ मारता येत नव्हती. तरी नाव घातलं. चार माणसांची तोंडं दिसतील, बाकी चित्रं गेली खड्ड्यात.

शेजारच्या खुर्चीवर कवळीवाले बसायचे. आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवल्या, त्यामुळे माणूस दिसला की आधी त्याच्या तोंडात बघायची खोड. "तुमची खालची कवळी हलतेय. कुणी केली? गाढवानं?" अशी मास्तरांची न् त्यांची ओळख झाली. तेही एकटेच, मुलगी दुसऱ्या शहरात. दोघांची गट्टी जमली. शिकवणारी मुलगी टेबलावर कांदे मांडायची. कवळीवाल्यांचा कांदा हुबेहूब दाढेसारखा दिसायचा, मास्तरांचा कशासारखाच दिसायचा नाही, आणि दोघं खो खो हसत सुटायचे.

वर्गाचे नियम दोन होते. कुणी न कळवता आलं नाही तर ऑफिसातल्या बाई त्याच संध्याकाळी घरी फोन करत. फोन उचलला नाही तर शिपाई जाऊन दार वाजवत असे. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी केलेला नियम, आणि फार शहाणपणाचा. दुसरा नियम असा, की लागोपाठ दोनदा आठापेक्षा कमी माणसं आली की वर्ग बंद. हजेरी कुणी घ्यायची हा प्रश्नच नव्हता. वही आपोआप मास्तरांपुढे आली.

नऊ जण होते. त्यातल्या नर्सबाई मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या, उरले आठ. एका शुक्रवारी गुडघा धरल्यामुळे एक आजोबा आले नाहीत, भरले सात. पुढच्या मंगळवारी ते आजोबा आले, तर कवळीवाल्यांची खुर्ची रिकामी. पुन्हा सात!

"शुक्रवारी शिंकत होते. सर्दीनं पडले असतील," कुणीतरी म्हणालं.

मास्तरांचं पेन हातातच राहिलं. खरं लिहावं तर आजपासून वर्ग बंद. मग पुन्हा त्या भिंती, पुन्हा ती मुकी दुपार. नको रे बाबा! त्यांनी कवळीवाल्यांच्या नावापुढे "हजर" लिहिलं. आयुष्यातली पहिली खोटी हजेरी.

"काय मास्तर, म्हातारपणी बिघडलात की!" आजोबा ओरडले आणि सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. घरी जाताना वाटलं, कवळीवाल्यांकडे डोकावून ही गंमत सांगावी. पण त्यांचं घर चढावर. शिवाय आजारी माणसाला कशाला उठवा, असं म्हणून मास्तर सरळ घरी गेले.

शुक्रवारीही कवळीवाले आले नाहीत. आता गैरहजर लिहावं तर बाई फोन करणार, "मंगळवारी आलो नव्हतो," असं तो भला माणूस सांगून टाकणार, आणि मंगळवारचं बिंग फुटणार. मास्तरांनी पुन्हा "हजर" लिहिलं. या खेपेला कुणी हसलं नाही.

शनिवारी दाराशी साचलेली वर्तमानपत्रं बघून शेजाऱ्यांनी कवळीवाल्यांचं दार फोडलं. ते न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते, मांडीचं हाड मोडलेलं. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी सकाळी पडले असावेत, पण पुढे दोन दिवस तरी जीव होता.

पुढच्या मंगळवारी कवळीवाल्यांची मुलगी वडिलांची चित्रं न्यायला वर्गात आली. सांत्वन म्हणून ऑफिसातल्या बाईंनी तिच्यापुढे हजेरीची वही धरली. "बघा ना, शेवटपर्यंत येत होते."

मुलीनं त्या नावावरून बोट फिरवलं आणि तिला रडू कोसळलं. "म्हणजे डॉक्टर चुकले! पेपर बाबांनी नुसतेच उचलले नसतील. शुक्रवारी तर बाबा इथे होते. तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही हो, बाबा हाका मारत पडले असतील म्हणून. तसं झालंच नाही."

सगळे आपापल्या कागदाकडे बघत राहिले. चित्रांची गुंडाळी छातीशी धरून ती जिना उतरू लागली. मास्तरांना बसवेना. ते कठड्याला धरून तिच्या मागे गेले.

"पोरी, थांब जरा."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "मंगळवारी वर्ग वाचवायला लिहिलं, शुक्रवारी माझी लबाडी झाकायला. डॉक्टर बरोबर आहेत. मी खरं लिहिलं असतं, तर त्याच संध्याकाळी शिपाई दाराशी गेला असता."

ती पायरीवर बसली आणि चित्रांची गुंडाळी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "काका, हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"वर्गातल्या सगळ्यांना."

"कुणी बोललं नाही."

"नाही."

"मग तुम्हीच का बोललात?"

मास्तर चाचरले. "खरं काय ते तुला..."

"खरं कळून बाबा येणारेत का परत?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पाच मिनिटांपूर्वी माझे बाबा इथे चित्र काढून घरी गेले होते, आणि रात्रीत सुखानं गेले होते. आता ते दोन दिवस पाणी मागत पडलेत. तुम्हाला हलकं वाटलं ना, काका? मग झालं."

ती उठली आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेली. मास्तर तिथेच उभे राहिले. नाही गं पोरी, असं ओरडून सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण सांगून संपलं तेव्हा क्षणभर त्यांना खरोखरच हलकं वाटलं होतं.