शालिग्रामची दिवसाची बत्ती

अनसिंगच्या शालिग्रामकडे तीन गॅसबत्त्या होत्या. आसपासच्या गावांत लग्न असो की कीर्तन, उजेड त्याच्या घरून जाई. टाकीत घासलेट भरून तो पंपानं हवा मारी, मेंटलची जाळी पांढरी होऊन पेटे, आणि माणसं डोळ्यांवर हात धरत. शालिग्राम तेव्हा छाती काढून उभा राही.

त्याच्या बायकोला, पंचफुलाला, क्षय झाला. त्याच वर्षी होळीआधी वादळ आलं आणि तिच्या माहेरचा आंबा पडला. त्या आंब्यावर बांदा होता. बांदा मातीला शिवत नाही. फांदीला मुळं वेढून वाऱ्यावर जगतो. उन्हाळ्यात त्याला पिवळी-तपकिरी फुलं येतात, मधे जांभळी जीभ. लहानपणी पंचफुला ती केसांत माळायची. भावानं बांद्यासकट फांदीचा तुकडा तोडून बैलगाडीतून आणून दिला.

"एकदा याचं फूल पाहू द्या मले," ती नवऱ्याला म्हणाली. "मंग कुठंबी न्या."

पण वैद्यानं सांगितलं होतं, वारा लागू देऊ नका. म्हणून तिची खाट आतल्या खोलीत होती. खोलीला खिडकी नव्हती, दाराला गोणपाट लावलेलं. तिथं झाड जगावं कसं? शालिग्रामनं फांदी तिच्या डोळ्यांसमोर आढ्याला टांगली, दोन वेळा पाणी शिंपडलं आणि भर दिवसा बत्ती पेटवली.

गाव हसलं. शेजारची म्हातारी चतुराबाई ओट्यावरून विचारायची, "काहून रे शालिग्राम, सूर्य इझला का?"

"माह्या घरात मीच सूर्य हावो, काकू!"

आणि चैत्रात खरंच देठ निघाला. सात कळ्या. पंचफुला सकाळी उठली की आधी त्या मोजायची. आनंदाच्या भरात त्यानं दुसरी बत्ती लावली. एका लग्नासाठी बत्त्यांची मागणी आली, ती परत पाठवली.

तिसऱ्या दिवशी एक कळी पिवळी पडून गळाली. मग आणखी दोन.

"उजेड कमी पडून राह्यला," तो म्हणाला आणि तिसरी बत्ती आत आणली. खोलीत घासलेटाचा वास दाटला. आढं काळं पडलं. पंचफुलाचा खोकला वाढला, तोही त्याला रोगाचाच वाटला. कळ्या गळतच राहिल्या.

एका सकाळी चतुराबाई दूध घेऊन आली आणि गोणपाट सारताच नाकाला पदर लावून थांबली.

"अरे येड्या, माह्यानं इथं उभं राहवत नाई. ते झाड काय खाईन? आन् ही पोर?"

"वैद्यानं वारा नाई म्हटलं, काकू."

खाटेवरून पंचफुला बोलली, "झाड वैद्याचं नाई. माह्यं हाय. बत्त्या इझवा जी. दार उघडा."

एकच कळी उरली होती. शालिग्रामनं त्या कळीकडे पाहिलं. मग त्यानं एकेका बत्तीची चावी सोडली. हवा सुटल्याचा सूं आवाज तीनदा झाला. गोणपाट निघालं. अंगणातला उजेड खाटेच्या पायथ्याशी आला आणि तिथंच थांबला.

तेवढ्या उजेडात पाचव्या दिवशी कळी उघडली. त्यानं फांदी तिच्या उशाशी धरली.

"येवढुसं?" ती हसली. "आमच्या आंब्यावर वीतभर घोस रायचा." मग तिनं वास घेतला. खोल घेता आला नाही, थोडाच. "तोच हाय," म्हणाली.

आठ दिवसांनी ती गेली. दार उघडलं, वारा लागला, असं गाव म्हणालं. शालिग्राम कोणाशी भांडला नाही. वाऱ्याला त्यानं कधी दोष दिला नाही.

फांदी त्यानं दारच्या निंबाला बांधली. बत्त्या भाड्यानं देणं सुरूच होतं. आमच्या घरच्या लग्नांना मीही दोनदा आणल्या. पेटवलेली बत्ती हाती देण्याआधी तो विचारी, "खोलीले खिडकी हाय का?"

"खोली कुठली, बावा? मांडवात लावायची हाय."

तो ऐकून घेई. बत्तीची कडी मात्र सोडत नसे.

"हाय का पण खिडकी?"