इस्त्रीच्या पँटीतला पाय

वीस मिनिटं झाली तरी लाली जात नव्हती.

आमच्या कामात ही धोक्याची खूण. कृत्रिम पाय काढल्यावर उरलेल्या पायावर, म्हणजे स्टंपवर, थोडे लाल डाग असतातच. ते वीसेक मिनिटांत मावळले तर ठीक. नाहीतर तिथली कातडी दबते आहे आणि ती कधीही फुटू शकते. साळवे गुरुजींच्या स्टंपवर, नडगीच्या टोकाला, रुपयाएवढा डाग ठाण मांडून बसला होता. मी घड्याळाकडे बघत होते, गुरुजी छताकडे.

मी परभणीत कृत्रिम पाय बनवते. गुरुजींचा पाय माझ्याच हातचा. मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुढे शाळेतून रिटायर झाले आणि त्यांनी डोक्यात घेतलं की राणीसावरगावहून जिंतूरपर्यंत चालत जायचं आणि वाटेत मुलांच्या पायांसाठी मदत मागायची. मोठ्या माणसाला एक पाय काही वर्षं पुरतो. वाढत्या मुलाचा वर्ष-दीड वर्षात आखूड पडतो. मग मूल लंगडतं, पाय कोपऱ्यात जातो आणि पाठोपाठ शाळाही सुटते. हे मी दर जूनमध्ये बघते आणि दर जूनमध्ये चिडते. म्हणून गुरुजींना हो म्हणाले.

अट एकच घातली होती. स्टंप ज्या पेल्यासारख्या भागात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. चालून चालून स्टंप थोडा बारीक होतो, सॉकेट ढिलं पडतं आणि हाड खाली टेकायला लागतं. म्हणून दर तास-दीड तासाने पाय काढायचा, घाम पुसायचा आणि लागेल तसा स्टंपवर एक जादा मोजा चढवायचा. मी रोज फोन करायचे.

"मोजे बदलता ना?"

"बदलतो, मॅडम."

गंगाखेड, दैठणा, पोखर्णी करत ते परभणीला आले. निम्म्याहून जास्त रस्ता झाला होता. आणि आता हा डाग.

"चालणं बंद," आमचे डॉक्टर दारातूनच म्हणाले. "कातडी फुटली तर महिना-दोन महिने पाय घालता येणार नाही. चिघळलं तर पुन्हा ऑपरेशन."

"अजून फुटलेली नाही, सर," मी म्हणाले.

"म्हणूनच थांबवा."

ते गेले. गुरुजी खाली बघत म्हणाले, "जिंतूरच्या पोरायला शब्द दिलाय मी, चालत येतो म्हणून."

मी त्यांची पिशवी उघडली. जादाचे सहाही मोजे मी दिले त्याच घडीत होते.

"गुरुजी, तुम्ही रोज माझ्याशी खोटं बोललात."

बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, सुलोचनाबाई. साऱ्या वाटेत त्या सोबत चालत होत्या.

"पँट काढावी लागती ना, मॅडम. गावोगाव खुर्ची देतेत, शाल घालतेत. समोर समदे ह्येंचे इद्यार्थी. तिथं ह्ये पँट कशी काढतेल?"

मी त्यांच्या पँटीकडे पाहिलं. चांगली कडक इस्त्रीची, खाली अरुंद. ती सॉकेटच्या वर सरकणंच शक्य नव्हतं. म्हणजे प्रत्येक सत्काराला तास-दोन तास गुडघा वाकवून, घामेजलेला पाय तसाच कोंडून हा माणूस भाषणं ऐकत होता. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"दोन दिवस आराम," मी म्हणाले. "तेवढ्यात मी सॉकेट गरम करून त्या जागी थोडं फुगवते. लाली गेली तर डॉक्टरांना मी विचारते. पण मग पुढे हाफ पँट घालून चालायचं."

"न्हाई."

"का?"

"तीस वर्षं पोरायला सांगितलं, नीट कपडे घालून या. आता मीच चड्डीवर सत्काराला बसू?"

"मग घरी बसा."

"बसतो."

आणि खरंच बसले असते. पण सुलोचनाबाई शांतपणे म्हणाल्या, "ज्या पोरायसाठी चालायलात, त्यायला शाळेत हाफ पँटच असती की. त्यायचा पाय दिसला तर चालतो व्हय?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग मला विचारलं, "गुडघ्यापर्यंतची मिळंल का?"

तिसऱ्या दिवशी डाग नव्हता. डॉक्टरांनी कुरकुरत परवानगी दिली, मी रजा टाकली आणि सोबत निघाले. वाटेतल्या झरी गावात शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडलेली होती. शाल घालून झाली. गुरुजींनी पाय काढला आणि टेबलावर, नारळाशेजारी उभा केला. एका म्हातारीने तोंड फिरवलं. गुरुजींनी घाम पुसला, मोजा चढवला आणि वर्गात बोलावं तसं म्हणाले, "हे सॉकेट. म्हणा."

"सॉकेट," पोरं ओरडली.

पुढचा अर्धा तास त्यांनी पायाचा धडा घेतला. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी लपवले नाहीत.

धडा संपत आला तेव्हा मागे उभा असलेला एक माणूस घरी गेला आणि टॉवेलात गुंडाळून काहीतरी घेऊन आला. आत एक लहानसा पाय होता.

"पोरीचा हाय. आखूड पडलाय. ती घरातच असती आता."

"आणायचं ना तिला आमच्याकडे."

"बसमधी समदे बघतेत, मॅडम. तिला भ्या वाटतं."

तो पाय मी ओळखला. मीच बनवलेला होता. ती पोर पुन्हा आली नाही, तेव्हा मी धरून चालले होते की तिचं बरं चाललं असणार.

गुरुजी जिंतूरला ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा पोचले. स्वागताचा मांडव तोवर उतरवला होता. मी स्टंप तपासला. दहा मिनिटांत लाली गेली. जमलेल्या मदतीतून पहिला पाय झरीच्या पोरीचा झाला.

माझ्या फॉर्मवर स्टंपची चौदा मापं आहेत, सगळी मिलिमीटरमध्ये. त्यांच्याखाली आता मी पेनाने एक प्रश्न लिहिते: पाय काढणार कुठे, आणि कुणासमोर?